पहिलं यंत्र कुठलं?
(रात्रीच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भिशीत साठ हजार जमलेत. पाच जण, महिन्याला हजार, बारा महिने. ह्यातले काही ओव्हरटाइमचे आहेत, काही कुणाच्या आईने दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटून दिलेत, एकाने मोबाइल विकून दोन हप्ते भरलेत. त्याचं नाव मी घेत नाही, तो समोरच बसलाय. हे पैसे एकदाच खर्च होणार. म्हणून आज कविता वाचणार नाही. जुन्या सॅम्पलर की-बोर्डांपैकी पहिला कुठला घ्यायचा, एवढ्यावरच बोलणार.

आपल्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, घ्यायचा तर नावाजलेला घ्या, इम्युलेटर टू, नाहीतर घेऊच नका. दुसरा तट म्हणतो, काहीच घेऊ नका, मोबाइलमध्ये सगळं फुकट मिळतं. दोन्ही तट मोठ्याने बोलतात. दोघांतल्या एकानेही ह्या यंत्रांचं झाकण उघडून पाहिलेलं नाही. मी गोदीत माल उतरवतो, दहावी पास आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा माझ्याकडे नाही. पण पाळी सुटली की लॅमिंग्टन रोडच्या मागल्या गल्लीत एका दुरुस्तीवाल्या काकांच्या स्टुलावर दोन वर्षं बसतोय. सोल्डरिंगचा धूर माझ्याही छातीत गेलाय. तेवढ्याच हक्काने बोलतो.

आधी सॅम्पलर म्हणजे काय ते नीट घ्या. आपल्याकडे पट्ट्यांची कुठलीही पेटी दिसली की तिला ‘कॅशिओ’ म्हणतात, मग ती यामाहाची का असेना. त्या पेटीत कंपनीने भरलेले आवाज असतात. व्हायोलिन कंपनीचं, बासरी कंपनीची, तबलाही कंपनीचाच. तुम्ही फक्त दाबायचं. सॅम्पलरचं तसं नाही. सॅम्पलर रिकामा असतो. आवाज तुम्ही भरायचा. माइक लावा, आजीला ओवी म्हणायला बसवा, नळावरची हंडी आपटा, लोकलचा ब्रेक धरा. जे भराल ते पट्टीवर येईल आणि सगळ्या पट्ट्यांवर उंच-खाली वाजेल.

गोदीत डाळीचं नाहीतर गव्हाचं जहाज लागलं की तपासणीवाला येतो. पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो, आणि त्या मुठीवरून सगळ्या मालाची पारख करतो. त्याला आपण नमुना म्हणतो. सॅम्पल म्हणजे हाच नमुना. फरक एवढाच की हे यंत्र आवाजाच्या पोत्यात एका सेकंदात तीस-तीस हजार वेळा नळी खुपसतं. आणि काढलेला प्रत्येक दाणा काट्यावर तोलतं. काटा किती बारीक, ते बिटवर ठरतं. आठ बिटच्या काट्यावर २५६ खुणा. बारा बिटच्या काट्यावर ४,०९६. सोळा बिटच्या काट्यावर ६५,५३६. म्हणजे पहिला भंगारवाल्याचा काटा, दुसरा किराणावाल्याचा, तिसरा सोनाराचा. भंगारवाल्याच्या काट्यावर तोललेला आवाज खरखरतो, त्याच्या कडा तुटलेल्या असतात. गंमत अशी की आज जगभरचे लोक त्याच खरखरीसाठी पैसे मोजतायत. तेव्हा बिट जास्त म्हणजे यंत्र चांगलं, हे डोक्यातून काढा.

दुसरी गोष्ट जागेची. नमुने ठेवायला कोठार लागतं, आणि ह्या जुन्या यंत्रांची कोठारं आपल्या खोल्यांसारखीच आहेत. मिराज म्हणून जे यंत्र आहे, त्याच्या मेमरीचे दोन भाग, प्रत्येकी ६४ किलोबाइट. एका भागात ६५,५३६ नमुने मावतात. सेकंदाला तीस हजारांनी भरायला लागलात तर सव्वादोन सेकंदांच्या आतच कोठार फुल! आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटो ह्याच्या कितीतरी पट जागा खातो. मग करायचं काय? सेकंदाला दहा हजार नमुनेच घ्यायचे. तर सहा-साडेसहा सेकंद मिळतात, पण आवाज कोंदट होतो, जणू शेजारच्या खोलीतून येतोय. सगळ्या सॅम्पलरांची हीच तडजोड आहे. लांबी पाहिजे तर चमक सोडा, चमक पाहिजे तर लांबी सोडा.

आणखी एक. दोन सेकंदांची हाक एक सप्तक वरच्या पट्टीवर वाजवलीत तर ती एका सेकंदात संपते, कारण यंत्र तेच दाणे दुप्पट वेगाने ओततं. खालच्या सप्तकात तीच हाक चार सेकंद चालते आणि रेड्यासारखी हंबरते. जुन्या यंत्रांतली निम्मी जादू ह्याच्यात आहे. बादलीची ठणठण दोन सप्तकं खाली वाजवून बघा, देवळातली घंटा झक मारते.

आता इतिहास, थोडक्यात. टेपवरचा धंदा आधीपासून होता. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९६३ साली मेलोट्रॉन निघाला. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी, पट्टी दाबली की आठेक सेकंद वाजणार आणि थांबणार. आकड्यांचं काम खऱ्या अर्थाने बाजारात आलं ते १९७९ साली, ऑस्ट्रेलियात सिडनीला, पीटर व्होगेल आणि किम रायरी ह्या दोघांच्या फेअरलाइट यंत्राने. फेअरलाइट हे नाव सिडनीच्या बंदरात धावणाऱ्या एका प्रवासी बोटीचं. हे मला काकांनी सांगितलं तेव्हा मी चहा सांडला. आपल्या बंदरातल्या लाँचचं नाव कुणी यंत्राला देईल काय? असो. त्या फेअरलाइटची किंमत एवढी की तेवढ्यात घर आलं असतं. घेतला कुणी? मोठ्या गायकांनी, मोठ्या स्टुडिओंनी. मग १९८१ साली कॅलिफोर्नियात ई-म्यू कंपनीने इम्युलेटर काढला. त्याचा पहिला नंबर स्टीव्ही वंडरकडे गेला. १९८४ साली इम्युलेटर टू आला, किंमत आठ हजार डॉलरच्या घरात. म्हणजे घरावरून गाडीवर आलो. पण सामान्य माणसाच्या हाती अजून काहीच नाही.

आणि मग पेनसिल्व्हेनियातल्या मॅल्व्हर्न गावच्या एन्सोनिक कंपनीने १९८४ च्या शेवटाला मिराज जाहीर केला. १,६९५ डॉलर! इम्युलेटर टूच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा थोडे जास्त. ही कंपनी काढणारे लोक कमोडोर कॉम्प्युटरच्या गोटातून बाहेर पडलेले इंजिनिअर. त्यांच्यातल्या बॉब यानेसने आधी कमोडोर ६४ ची आवाजाची चिप बनवली होती. त्यानेच मिराजचीही चिप आखली, आणि पुढे १९८६ साली तीच ॲपलच्या टूजीएस कॉम्प्युटरात बसली. जे काम दुसरे डझनावारी सुट्या भागांनी करत होते, ते ह्यांनी एका चिपमध्ये कोंबलं. स्वस्ताई अशी आली. दानधर्म म्हणून नव्हे. मिनियापोलिसच्या जिमी जॅम आणि टेरी लुईस ह्या जोडीने १९८६ साली जॅनेट जॅक्सनची ‘कंट्रोल’ ही तबकडी केली, तिच्यात हा मिराज कामाला होता. स्वस्त यंत्र म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती ऐकावी.

आता इम्युलेटर टूवाल्यांशी बोलतो. गड्यांनो, तुमचं मन मला कळतं. मीही त्याचा फोटो मोबाइलवर ठेवलाय. त्याच्यावरच्या शाकुहाचीचा, म्हणजे जपानी बांबूच्या बासरीचा, आवाज १९८६ साली पीटर गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’मधून जगभर गेला. ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ ह्या सिनेमात एक शाळा बुडवणारा पोरगा ह्याच यंत्रावर खोकल्याचे आवाज वाजवून आजाराचं सोंग करतो. सगळं खरं. पण त्याला लाखांत मागतायत, आणि आपल्याकडे साठ हजार आहेत. उरलेले कुठून आणणार? मागच्या बैठकीत एकजण बोलला, हप्त्यावर घेऊ, माझा एक ओळखीचा पैसे देतो. मित्रा, तो ओळखीचा महिन्याला किती टक्क्यांनी देतो ते आधी सांग. व्याजाच्या पैशांत घेतलेलं वाद्य आपण वाजवत नाही, सावकार वाजवतो. आणि त्या यंत्राची फ्लॉपी सव्वापाच इंची, त्याचे फिल्टर अशा चिपांचे ज्या शोधत फिरावं लागतं. बिघडलं तर ते उघडण्याची आपल्या काकांचीही छाती होणार नाही. ज्याला हात लावायची भीती वाटते ते पहिलं यंत्र होऊच शकत नाही.

मिराज आपल्या शहरातच एकजण पंचवीस हजारांत देतोय. मी तो वाजवून आलो. आठ आवाज एकावेळी, एकसष्ट पट्ट्या, प्रत्येक आवाजाला खराखुरा ॲनालॉग फिल्टर. त्या फिल्टरमधून आठ बिटची खरखर गाळून येते तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू. पण ऐका. चालू करताना आधी फ्लॉपीवरून त्याची सिस्टिम वाचावी लागते. फ्लॉपी खराब, तर यंत्र म्हणजे एक फळी. आवाज बाहेर येतो तो एकाच तारेने, डावं-उजवं नाही. आणि दाखवायला काय आहे? दोन आकड्यांची एक लाल खिडकी. बस. आणि ते आकडेही आपले नव्हेत, सोळाच्या पाढ्यातले. तिथे १० म्हणजे दहा नव्हे, सोळा. दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ. एफएफ म्हणजे पंधरा सोळं दोनशे चाळीस अधिक पंधरा, दोनशे पंचावन्न. मला हे यायला एक आठवडा लागला. हे कुणाच्या बापालाही येईल, त्यात ब्रह्मज्ञान काही नाही. पण पाच जणांनी एकत्र बसून काम करायचं, तर एकजण त्या खिडकीत डोकं घालून बसेल आणि चौघे बिड्या ओढतील. हा माझा खरा आक्षेप आहे. किमतीचा नव्हे, आवाजाचा तर नव्हेच.

ई-म्यूचाच इमॅक्स, १९८६ चा. गरिबाचा इम्युलेटर. बारा बिटचा काटा, अर्धा मेगाबाइटचं कोठार, ॲनालॉग फिल्टर. आवाजाने मी ह्याला पहिला नंबर देईन. पण त्याचा पॉवर सप्लाय जातो ही सगळीकडची रड आहे, आणि फिल्टरच्या चिपा गेल्या तर कपाळाला हात. दुसरं यंत्र म्हणून घ्या, पहिलं म्हणून नको. सिक्वेन्शलचा प्रॉफेट २००० पण ह्याच जातकुळीचा, १९८५ चा. ती कंपनी १९८७ साली बंद पडली. कॉर्गचा डीएसएस-१ एवढा वजनदार की तो चाळीच्या जिन्याने चढवायला आमची आख्खी टोळी लागेल, आणि फ्लॉपी वाचताना एवढा वेळ घेतो की तेवढ्यात चहा करून पिऊन होतो. पुढे.

कॅसिओचं मी मुद्दाम सांगणार आहे, कारण ह्या नावाला आपल्यात हसतात. १९८७ साली ह्याच कॅसिओने एफझेड-१ काढला. सोळा बिट! अकायचा एस-१००० अजून यायचा होता तेव्हा. एक मेगाबाइट मेमरी, सेकंदाला ३६ हजारांनी साडेचौदा सेकंद, ९ हजारांनी ५८ सेकंद. आणि समोर चित्र दाखवणारा पडदा, म्हणजे आवाजाची लाट डोळ्यांनी दिसते, कुठे कापायचं ते बोट ठेवून ठरवता येतं. सिस्टिम पोटातच, फ्लॉपीशिवायही उठतो. हे माझ्या यादीत दुसरं. पहिलं का नाही? कारण आपल्याला जो मिळतोय तो जपानहून येणार. किंमत तीस, पण जहाजाचं भाडं, कस्टम, आणि वाटेत कुणी आपटला तर ते नुकसान. पेट्या कशा उतरवतात ते मला विचारू नका! मी उतरवतो, मला माहीत आहे. ‘नाजूक’ लिहिलेल्या खोक्याला फार तर एक लाथ कमी बसते.

माझं मत ईपीएसला आहे. एन्सोनिकचाच, १९८८ चा, मिराजचा धाकटा भाऊ म्हणा. पुण्यातला एक वादक बेचाळीस हजारांत द्यायला तयार आहे. तो वीस आवाज एकावेळी काढतो. खिडकीत आकडे नाहीत, अक्षरं येतात, वाचता येतात. कोठार अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास, पुढे वाढवता येतं. आणि दोन गोष्टी अशा, ज्यांच्यासाठी मी आज भांडणार आहे. एक म्हणजे एक आवाज वाजत असताना दुसरा फ्लॉपीवरून भरता येतो. कार्यक्रमात एकजण पहिलं गाणं वाजवतोय, दुसरा पुढच्याची तयारी करतोय, मध्ये शांतता पडत नाही. शांतता पडली की आपल्या वस्तीतलं पब्लिक काय करतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरी म्हणजे पोटातच सिक्वेन्सर आहे. ढोलकी एकाने वाजवली, ती यंत्राने लक्षात ठेवली, त्यावर दुसऱ्याने हाक घातली, त्यावर तिसऱ्याने गोणी आपटल्याचा ठोका. सबंध गाणं आवाजांसकट यंत्रातच उभं राहतं. वेगळा कॉम्प्युटर नको. आपल्यातल्या कुणाकडेही कॉम्प्युटर नाही हे विसरू नका. पट्ट्याही निराळ्या आहेत, प्रत्येक पट्टी आपल्यावरचा दाब स्वतंत्र ओळखते. चार बोटं खाली असली तरी एकाच बोटाचा सूर थरथरवता येतो. हे आजच्याही पुष्कळ की-बोर्डांना येत नाही. मात्र चालू होताना तो आपल्या पट्ट्या तपासतो, तेव्हा हात दूर ठेवायचे.

ह्याच घराण्यातला पुढचा ईपीएस-१६ प्लस, १९९० चा. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधल्या आरझेडए नावाच्या पोराने तो घेऊन वू-टँग क्लॅनची पहिली तबकडी उभी केली, १९९३ साली. तिचा आवाज स्वच्छ नाही. तळघरातला आहे, ओला आहे, आणि म्हणूनच तो आमच्या टोळीतल्या पोरांनाही इंग्रजी कळत नसताना कळतो. त्याच्यापुढचा एएसआर-१०, १९९२ चा, त्यावर कान्ये वेस्टने काम केलं. तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण आपल्या पैशांत मिळत नाही. रोलँडचा डब्ल्यू-३०, १९८९ चा, हाही चांगला. इंग्लंडच्या प्रॉडिजीचा लियम हौलेट सुरुवातीला त्याच्यावरच सगळं करायचा. पुण्याचा ईपीएस हातचा गेला आणि डब्ल्यू-३० समोर आला तर मी वाद घालणार नाही.

आता मोबाइलवाल्यांकडे येतो. त्यांचं बरोबर आहे. हो, बरोबर आहे! मोबाइलवर फुकट सॅम्पलर मिळतो आणि तो ह्या सगळ्या यंत्रांपेक्षा हजारपट ताकदवान आहे. ज्याच्याकडे भिशी नाही त्याने मोबाइलवरच करावं, कुणाला विचारू नये. पण आपण चार महिने मोबाइलवर केलं ना? काय झालं? पाच जणांचे पाच मोबाइल, प्रत्येकात तीनशे आवाज, आणि एकही गाणं पुरं नाही. मध्ये फोन येतो, मेसेज येतो, बॅटरी उतरते, आणि ज्याचा मोबाइल त्याचंच गाणं. खोलीत मध्यभागी ठेवलेलं एक यंत्र कुणा एकाच्या खिशात जात नाही. आणि कोठार चिमुकलं असलं की भांडावं लागतं. आजीची हाक ठेवायची की भोंगा? दोन्ही मावत नाहीत. ते भांडण आपण मोबाइलवर कधी केलंच नाही, कारण तिथे सगळंच मावतं.

ज्यांना अजून पटत नाही त्यांनी कॅसिओचा एसके-१ घ्यावा. खेळणं आहे ते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यातलं. बत्तीस बारीक पट्ट्या, चार आवाज, नमुना फक्त १.४ सेकंदांचा, तोही बंद केलं की पुसला जातो. पेन्सिल सेलवर चालतो. जुहूच्या वाळूत बसून वाजवा. फक्त त्याला वाटेल तो ॲडाप्टर जोडू नका. कॅसिओची पिन उलटी असते, मधोमध ऋण. सरळ पिन लावलीत की गेलं.

विजेवरून आठवलं, हे नीट ऐका. अमेरिकेचं यंत्र १२० व्होल्टचं, जपानचं १०० व्होल्टचं, आपल्या भिंतीत २३०. कौतुकाने घरी आणलं, खोचलं, धूर. बारा महिन्यांची भिशी एका सेकंदात! मागच्या बाजूची पट्टी आधी वाचायची. आपल्या व्होल्टचं नसेल तर मध्ये उतरता ट्रान्सफॉर्मर, पुरेशा वॅटचा. म्हणून बेचाळीसच्या वर एक रुपया यंत्राला द्यायचा नाही. उरलेले अठरा हजार ट्रान्सफॉर्मर, दुरुस्ती आणि फ्लॉपीच्या कामाचे.

फ्लॉपी ही दुसरी अडचण. सोनीने २०११ साली फ्लॉपी विकणं थांबवलं. ह्यातल्या बहुतेक यंत्रांना लागते ती दुहेरी घनतेची, जुनी. नंतरच्या जास्त घनतेच्या फ्लॉपीच्या भोकावर चिकटपट्टी लावून फसवता येतं, पण तिचा लेपच वेगळा, आज वाचेल, महिन्याने वाचणार नाही. उपाय आहे. गोटेक नावाची एक डबी मिळते. फ्लॉपीचा ड्राइव्ह काढायचा, तिथे ती बसवायची, आणि पेन-ड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या ठेवायच्या. यंत्राला वाटतं फ्लॉपीच आहे. तिच्यातली सिस्टिम बदलावी लागते. ते मी आणि काका करू.

विकत घेताना लाजायचं नाही. विकणारा चहा पाजेल, गोड बोलेल, मोठमोठी नावं सांगेल. आपण एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या दाबायच्या, हळू आणि जोरात. माइक लावून स्वतः आवाज भरायचा, फ्लॉपीवर ठेवायचा, यंत्र बंद करायचं, चालू करायचं, तो परत आणायचा. आणि दोन तास चालू ठेवायचं. थंड असताना सगळीच यंत्रं शहाणी असतात, गरम झाल्यावर नाटकं सुरू होतात. झाकण उघडू देत नसेल तर उठून यायचं. आत फुगलेले कपॅसिटर, गळलेला सेल, जळका वास, ह्यातलं काहीही असलं तर भाव पाडायचा किंवा सोडून द्यायचं. कंपनीकडे तक्रार कराल म्हणाल तर कंपनीच नाही. ई-म्यू १९९३ साली आणि एन्सोनिक १९९८ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्हने गिळल्या.

शेवटचं बोलतो, आणि हे यंत्राबद्दल नाही, त्यात काय भरायचं त्याबद्दल आहे.

१९७३ साली ब्राँक्समध्ये कूल हर्कने दोन तबकड्या फिरवून गाण्यातला ढोलाचा तुकडा लांबवला. पुढे सॅम्पलरने तेच यंत्रात केलं. त्यातला सगळ्यांत जास्त वापरला गेलेला तुकडा १९६९ चा आहे. वॉशिंग्टनच्या द विन्स्टन्स बँडचं ‘अमेन, ब्रदर’. त्यातला सातेक सेकंदांचा ड्रम. वाजवणारा ग्रेगरी कोलमन, काळा माणूस. त्या सात सेकंदांवर हजारो गाणी उभी राहिली. इंग्लंडात तर एक आख्खा संगीतप्रकार उभा राहिला. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. तो २००६ साली वारला, आणि त्याच्या साथीदाराच्या सांगण्याप्रमाणे शेवटी त्याला घरही नव्हतं. २०१५ साली लोकांनी वर्गणी काढून बँडच्या म्होरक्याला, रिचर्ड स्पेन्सरला, चोवीस हजार पौंड दिले. तोपर्यंत कोलमन गेलेला होता. दुसऱ्या बाजूला १९९१ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने बिझ मार्की ह्या रॅपरला एका गोऱ्या गायकाच्या गाण्याचा तुकडा घेतल्याबद्दल चोर ठरवलं, आणि न्यायाधीशाने निकालाची सुरुवात बायबलातल्या आज्ञेने केली. कुणाचा तुकडा घेतला की चोरी होते, हे बघून ठेवा.

मुंबईतही हे झालंय. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला एकेकाळी व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा बसायच्या. त्यात गोव्याचे लोक पुष्कळ. नव्वदीत की-बोर्ड आणि सॅम्पलर आले, खुर्च्या रिकाम्या झाल्या. एका माणसाच्या दहा बोटांत ती सगळी रांग. माझ्या घरात हे वेगळ्या नावाने घडलंय. आधी जहाजाच्या पोटात टोळीच्या टोळी उतरायची. १९८९ साली पलीकडे न्हावा शेवा सुरू झालं, कंटेनर आले, आणि एक क्रेन चालवणारा टोळीचं काम करायला लागला. माझे वडील त्या क्रेनला शिव्या द्यायचे आणि माझ्या धाकट्या भावाला क्रेनचं लायसन काढायला सांगायचे. दोन्ही एकाच जेवणात. मला त्यांचं दोन्ही पटतं.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे, ठराव म्हणून मांडतो. आपण भरायचा तो आवाज आपल्या माणसाचा, त्याला विचारून, आणि फ्लॉपीच्या चिठ्ठीवर त्याचं नाव. कंपनीच्या फ्लॉपीवर ‘बासरी’ लिहिलेलं असतं, वाजवणाऱ्याचं नाव नसतं. आपल्या फ्लॉपीवर ‘हाक’ लिहून चालणार नाही. कुणाची हाक, कुठल्या तारखेला, कुठल्या खोलीत. आणि कार्यक्रमाचे पैसे आले तर त्यात त्या माणसाचा वाटा, तो स्टेजवर असो वा नसो. ज्यांना हे जड वाटतं त्यांनी आत्ताच बोलावं, बेचाळीस हजार देऊन झाल्यावर नको.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीने पुण्याला जायचं. मी आणि काका येतोय, आणखी दोघे हवेत, यंत्र उचलायला. एकाने माइक आणि हेडफोन आणायचा, दुसऱ्याने एक्स्टेन्शन बोर्ड आणि जुनी चादर, गुंडाळायला. ट्रान्सफॉर्मर काकांच्या दुकानातून उसना घेतोय. पैसे एकाच्या खिशात ठेवायचे नाहीत, चौघांत वाटून न्यायचे. आता ठरावावर हात वर करा.